अब्बांची वही, तांदळाचं पीठ

गेल्या उन्हाळ्यात मी तीन चित्रं केली. एक बिघडलं, एक पूर्ण झालं आणि तिसरं रानशेतला एका घराच्या पडवीत भिंतीला टेकवून ठेवलेलं आहे. ते तिथे का राहिलं, ते सांगायला हे लिहायला बसले आहे.

मी चित्रकार नाही. शाळेत असताना एलिमेंटरीची परीक्षा दिली होती, 'सी' श्रेणी मिळाली. इंटरमिजिएटला बसायच्या वर्षी घरात दुसऱ्याच परीक्षा चालू होत्या, तेव्हा ते राहून गेलं. पुढे बी.एड.ला पाठ घेताना तक्ते रंगवले, खादी फलकावर कापलेली अक्षरं चिकटवली. शिक्षिका झाल्यावर उर्दू माध्यमाच्या मुलांना मराठी शिकवता शिकवता तेवढंही सुटलं. मग तीन वर्षांपूर्वी आमच्या शाळेत 'बोलक्या भिंती' करायचं ठरलं. कुंपणाच्या भिंतीवर वारली चित्र काढायला रानशेतहून एक बाई आल्या. वय अठ्ठावन्नच्या आसपास. चार दिवस त्या भिंतीसमोर उभ्या होत्या आणि मी मधल्या सुट्टीत डबा घेऊन त्यांच्या मागे. पाचव्या दिवशी विचारलं, मला शिकवाल का? त्या म्हणाल्या, "बाई, तुम्ही तर शिकवता. तुम्हाला काय शिकवू?" पण रविवारी ये म्हणाल्या.

तेव्हापासून एक आड एक रविवारी मी डहाणूहून शेअर रिक्षाने रानशेतला जाते. मी त्यांना मावशी म्हणते. त्या मला आधी बाई म्हणायच्या, आता बाय म्हणतात. दोन शब्दांत एका अक्षराचाच फरक, पण तो पडायला एक अख्खा पावसाळा गेला.

वारली चित्र आपल्याला सोपं वाटतं. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून ठेवले की माणूस झाला. लग्नपत्रिकेवर, कुर्त्यावर, हॉटेलच्या भिंतीवर आपण तो इतक्यांदा पाहिलाय, की तो कुणाचा आहे हेच विसरलोय. मुळात हे चित्र बायकांचं, आणि लग्नाचं. लग्नघरात सवासिनी भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक काढतात, त्यात पालघट देवी असते, धवलेरी गाते. चौकाशिवाय लग्न लागत नाही. 1970च्या दशकाच्या सुरुवातीला भास्कर कुलकर्णी सरकारच्या हस्तकलेच्या कामासाठी या भागात आले, त्यांनी इथल्या लोकांच्या हाती कागद दिला आणि भिंतीवरचं चित्र गावाबाहेर निघालं. मग पुरुषही काढू लागले. गंजाडजवळच्या कळंबीपाड्याचे जिव्या सोमा म्हसे सगळ्यांत मोठे. 1976 साली राष्ट्रीय पुरस्कार, 2011 साली पद्मश्री. 2018च्या मे महिन्यात ते गेले. त्यांची मासेमारीच्या जाळ्याची चित्रं मी पुस्तकात पाहिली आहेत. सगळा कागद बारीक रेघांनी विणलेला, आणि आत माणसं-मासे. असं जाळं काढायचा मी एकदा प्रयत्न केला. अर्ध्या तासात मान धरली आणि जाळ्याची गोधडी झाली.

मावशींनी पहिल्या महिनाभर मला फक्त माणसं काढायला लावली. शेणाने सारवलेल्या फळीवर, बांबूची काडी चावून तिचा कुंचला करून. माझी माणसं मला बरी वाटायची. त्या बघायच्या आणि बोट ठेवायच्या: "हा उभा का आहे? याला काम दे." मग मी त्याच्या हातात कोयता द्यायचे, डोक्यावर मोळी द्यायचे. दुसऱ्यावर बोट. "आणि ही?" शेवटी माझ्या लक्षात आलं की माझी माणसं फोटोला उभी राहिल्यासारखी होती. त्यांच्या चित्रात कुणी फोटोला उभं राहत नाही.

आता अब्बांच्या वहीकडे येते.

अब्बा डहाणूजवळच्या एका चिकूच्या वाडीत हिशेब लिहायचे. वाडी कुणाची ते इथे सांगत नाही. रोज मजुरीला पाड्यांवरून वारली माणसं यायची, बायका जास्त. चिकू उतरवणं, धुणं, पेट्या भरणं, झाडांना आळी करणं. अब्बा सातवीपर्यंत उर्दूत शिकलेले. मराठी ते फर्राटेदार बोलायचे, पण लिहिताना हात आपोआप उजवीकडून डावीकडे जायचा. म्हणून मालकासाठी एक वही आणि स्वतःसाठी दुसरी. ही दुसरी उर्दूत. लांबट, लाल कापडाच्या पाठीची, निळ्या शाईच्या पेनाने लिहिलेली. प्रत्येक पानाच्या माथ्यावर 786, खाली नावं, हजेरीचे दिवस, रोज, उचल, बाकी. ऑक्टोबर 1985 ते मे 1986. एवढी एकच वही आमच्या घरी राहिली. अब्बा गेल्यावर ती माझ्या वाट्याला आली, म्हणजे कुणी मागितली नाही.

मला वाटलं, यावर चित्र करावं. उर्दू अक्षरांच्या ओळी आणि त्यांवर वारली माणसं. दोन लिप्या म्हणा, दोन हात म्हणा. शाळेच्या प्रदर्शनात छान दिसेल, हेही मनात होतं, खोटं कशाला बोलू. आणि अगदीच वेडी कल्पना नव्हती ती. याच तालुक्यातल्या गंजाडचे राजेश वांगड 2013 पासून गौरी गिल यांनी काढलेल्या काळ्या-पांढऱ्या छायाचित्रांवर आपल्या रेषांनी चित्र काढत आले आहेत. फोटोत नुसता माळ दिसतो, झाडं दिसतात. त्यावर वांगड तिथे घडलेलं सगळं भरतात. फोटो आणि चित्र एकमेकांना खोडत नाहीत. चित्रकार याला मिश्र माध्यम म्हणतात. पिकासो आणि ब्राक यांनी 1912 साली चित्रात वर्तमानपत्राचे, भिंतीच्या कागदाचे तुकडे चिकटवायला सुरुवात केली, तिथून हे नाव मोठं झालं. आमच्या मोहल्ल्यात ताजियाला चमकीचा कागद, कापड, बांबू आणि खळ एकत्र यायची, त्याला कुणी माध्यम म्हटलं नाही.

घरात पहिला अडथळा अम्मी. वहीच्या पानावर 786 आहे, त्यावर शेण? तौबा. ती बरोबर होती, मला आधीच सुचायला हवं होतं. मग ठरलं की शेण नाही, नुसता गेरू, आणि 786ची पट्टी आधी कापून कुराणाच्या जुजदानात ठेवायची. दुसरा प्रश्न माणसांचा. आमच्याकडे नमाजच्या खोलीत जिवंत वस्तूची तस्वीर नको असते. मी वारली माणूस अम्मीसमोर धरला. तिने चष्मा लावून पाहिला. "इसको आँख-नाक कुछ नहीं है ना? फिर चलेगा." एका मिनिटात फतवा. मोठमोठे आलिम ज्यावर किताबी लिहितात, ते अम्मीने भाजी निवडता निवडता मिटवलं.

मग मी सगळ्यात मोठी चूक केली. वहीचं शेवटचं पान, मे 1986चं, शिवण सुटून मोकळं झालं होतं. बाकीची वही फाडायला जीव होत नव्हता, म्हणून तेच घेतलं. नीट वाचलंही नाही. अब्बांचं अक्षर आहे, सुंदर आहे, एवढंच पाहिलं. हार्डबोर्डवर फेविकॉलमध्ये पाणी घालून पसरलं, पान ठेवलं, वरून पुन्हा तेच पाणी ब्रशने फिरवलं. शाईच्या पेनाची ती जुनी निळी शाई चाळीस वर्षं वाट बघत असल्यासारखी सुटली. आधी कडा पसरल्या, मग अक्षरं एकमेकांत शिरली. मी टिपकागद दाबला, पंखा बंद केला, पंखा चालू केला. पाच मिनिटांत पानावर निळ्या पाण्याचा एक नकाशा उरला. एकही नाव वाचता येईना.

त्या रात्री मी अम्मीला सांगितलं नाही. अजूनही सांगितलेलं नाही. ती हे वाचणार नाही, तिला मोबाईलवर फक्त नातवाचे फोटो दिसतात.

हे चित्र नंतर तसंच ठेवून दिलं. शोधताना मला झरीना हाश्मी सापडल्या. अलीगढच्या. 1937चा जन्म, 2020 साली लंडनमध्ये इंतकाल. आयुष्यभर कागदावर काम केलं आणि चित्रात उर्दू शब्द लिहिले. त्यांची बहीण त्यांना उर्दूत पत्रं लिहून ठेवायची, पण पाठवायची नाही. आईवडील गेल्याची, घर विकल्याची. ती झरीनांच्या हाती बऱ्याच उशिरा आली. 2004 साली त्यांनी त्या पत्रांवर आठ छापचित्रांचा संच केला, पत्राच्या ओळींवर घराचे आणि शहरांचे नकाशे. पण पत्रं त्यांनी चिकटवली नाहीत. अक्षरांचा ठसा बनवला आणि तो छापला. मूळ पत्र वेगळं, चित्र वेगळं. मला हे एक पान बुडवल्यावर कळलं.

दुसऱ्या चित्रासाठी स्टेशनजवळच्या झेरॉक्सवाल्याकडे गेले. अनुभवाने सांगते, कुणी करणार असेल तर: झेरॉक्सची काळी पूड पाण्याने हलत नाही, घरच्या शाईच्या प्रिंटरची प्रत मात्र लगेच पसरते. कागद आधी ओला करून दोन मिनिटं ठेवावा म्हणजे चिकटवताना सुरकुत्या कमी पडतात. गेरूत थोडा डिंक हवा, नाहीतर हात फिरवला की निघतो. आणि तांदळाचं पीठ झेरॉक्सवर धरत नाही, वाळलं की पापुद्रे सुटतात. मावशी विकायच्या चित्राला पांढरा पोस्टर रंगच वापरतात. मी मात्र हट्टाने पिठात डिंक घालून काढलं. ते टिकलं, पण नंतर त्याला कसर लागली. तो वेगळा विषय.

हे चित्र पूर्ण झालं. फेब्रुवारी 1986चं पान, त्यावर पातळ गेरू, अक्षरं खालून दिसतील इतपत. वर चिकूची झाडं, पेट्या, बायका. सगळ्यांना काम दिलेलं. शाबासकी मिळणार या खात्रीने मी ते रानशेतला घेऊन गेले.

मावशींनी ते पडवीत उजेडाला धरलं. झाडं पाहिली, बायका पाहिल्या. मग खालच्या ओळींवर बोट ठेवलं.

"हे काय लिहिलंय?"

मी म्हटलं, अब्बांचा हिशेब. मजुरांची नावं.

"वाच."

मी वाचू लागले. मी ते पान चित्र करताना शंभर वेळा पाहिलं होतं, मोठ्याने एकदाही वाचलं नव्हतं. वारली माणसांची नावं पुष्कळदा वारांवरून असतात, आणि उर्दूत ती वाचणं हे एक कामच आहे. ऱ्हस्व स्वर लिहीत नाहीत, नुक्ता पुसट झाला की अक्षर बदलतं. आणि उर्दूत ळ नाही. ण सुद्धा नाही. दर जूनमध्ये मी माझ्या पाचवीच्या वर्गात जीभ वळवून दाखवते, शाळा, फळा, कावळा, आणि मुलं हसत हसत म्हणतात, शाला, फला, कावला. अब्बांनीही ळच्या जागी लामच लावला होता. मी सहाव्या की सातव्या ओळीतलं नाव वाचलं, ल लावून. मंगळवारी जन्मलेल्या बाईचं नाव.

मावशी म्हणाल्या, "ल नाही, ळ. माझी आई ती."

मी म्हटलं, त्या नावाच्या पुष्कळ असतील. त्यांनी विचारलं, पुढे काय लिहिलंय? पुढे पाड्याचं नाव होतं, रानशेतचं. आणि नवऱ्याचं. त्या वाडीत आई जायची हे त्यांना ठाऊक होतं, पण वाड्या काय कमी आहेत आमच्याकडे. अब्बांची वाडी तीच, हे दोघींनाही त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं. तीन वर्षं मी त्या पडवीत चहा प्यायले होते.

"हजेरी?"

"चोवीस दिवस."

"उचल?"

उचलीच्या रकान्यात आकडा होता आणि अब्बांनी बारीक अक्षरात दोन शब्द लिहिले होते: बेटी की शादी. चुकून मराठीत सांगायच्या आधी तेच तोंडून गेलं. ते कुणालाही कळतं.

मावशींना भाऊच होते. मुलगी एकच.

मला पहिल्यांदा काय वाटलं, तर भीती. या भागात लग्न आणि उचल हे शब्द एकत्र आले की जुनी गोष्ट उठते. लग्नासाठी जमीनदाराकडून कर्ज घ्यायचं आणि ते फेडत नवरा-बायकोने त्याच्या दारात राबायचं, त्याला लग्नगडी म्हणायचे. 1945 साली गोदावरी परुळेकर आणि वारल्यांनी त्याविरुद्ध उठाव केला, तलासरीच्या झरी गावापासून. 'जेव्हा माणूस जागा होतो' आपण सगळ्यांनी वाचलंय, निदान नाव ऐकलंय. 1986 म्हणजे त्याच्यानंतर चाळीस वर्षं. अब्बांच्या वहीतली उचल म्हणजे लग्नगडी नव्हे, हे मला माहीत आहे. अब्बा स्वतः पगारी नोकर. पण लिहिणारा हात त्यांचा होता आणि कापणारा रकानाही त्यांच्याच हातचा. मी घाईघाईने म्हणाले, "अब्बा चांगले होते हो." मावशींनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. त्यांनी अब्बांबद्दल काही विचारलंच नव्हतं.

पुढच्या रविवारी मी मूळ वही घेऊन गेले. आम्ही दोघी पडवीत बसलो आणि मी महिन्यामागून महिना वाचला. मार्चमध्ये उचलीपैकी काही कापलं. एप्रिलमध्ये आणखी कापलं. एप्रिलमध्ये हजेरी फक्त अकरा दिवस, मावशी म्हणाल्या, तेव्हाच माझं लग्न. एप्रिलच्या शेवटी बाकी शिल्लक होती. थोडी, पण होती.

"मग फिटली का?"

ते मेच्या पानावर होतं.

मी पान पलटल्यासारखं केलं. मागे पुठ्ठा होता. शेवटी सांगितलं, सगळं, फेविकॉलपासून. मी म्हटलं, पुढची वही मालकाकडे असेल, पण इतक्या वर्षांनी कुठली. मावशी बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, पावसात आई वाडीत जायची नाही, आवणी असायची, घरचं शेत असायचं. म्हणजे मेच्या आत फिटली असेल. मग स्वतःच म्हणाल्या, की नसेल. दिवाळीनंतर आई परत गेली होती त्याच वाडीत. ती उचलीमुळे गेली की अशीच, आता कुणाला विचारणार.

त्या रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

मी विचारलं, या पानावर लग्नाचा चौक काढूया का, तुमच्या लग्नाचा? शहाण्यासारखं वाटलं होतं मला. त्या म्हणाल्या, "चौक लग्नात काढतात, बाय. लग्न झालंय माझं." आणि चहा ठेवायला उठल्या.

तिसरं चित्र असं सुरू झालं. ते त्यांनी मागितलं. म्हणाल्या, ते भिजलेलं पान आण. मी तो हार्डबोर्ड नेला, निळा डाग वाळून आता राखाडी झालेला. त्याच्या दोन्ही बाजूंना मी मार्च आणि एप्रिलच्या झेरॉक्स प्रती चिकटवल्या. गेरू लावू का, विचारलं. त्या म्हणाल्या, डागावर नको. मग आजूबाजूला लावला. एप्रिलच्या पानावर त्यांनी स्वतः काडी घेतली आणि पेट्या उचलणाऱ्या बायकांची एक रांग काढली, माझ्यापेक्षा चौपट वेगाने. रांग डागाच्या कडेपर्यंत आली आणि तिथे थांबली. शेवटच्या बाईच्या डोक्यावरच्या पेटीचा अर्धा भाग डागात जायला हवा होता. त्यांनी तो काढला नाही.

मला एक काम दिलं. आईचं नाव त्या बाईच्या खाली लिहायचं, मराठीत. मावशी सही करतात, बाकी लिहीत नाहीत. मी पिठात काडी बुडवून लिहिलं. ळ काढताना हात इतका थरथरला की पहिला वळसा फुटला, पुसून परत काढला. माझ्या वर्गात रोज फळ्यावर काढते मी ते अक्षर.

ही बातमी पाड्यात गेली. त्यानंतरच्या रविवारी पडवीत आणखी चार जणी बसल्या होत्या आणि एक म्हातारे बाबा. वहीत आमचं कुणी आहे का बघ. दोघींच्या सासवा सापडल्या. बाबा स्वतःच सापडले, डिसेंबर 1985, सव्वीस दिवस. त्यांनी ते तीनदा वाचून घेतलं. चौथ्या बाईचं कुणी सापडलं नाही, ती म्हणाली, नीट बघ, ल असेल. मी लामवाली सगळी नावं पुन्हा वाचली. नव्हतं.

शाळेच्या प्रदर्शनात मी दुसरं चित्र दिलं. लोकांनी कौतुक केलं, एकाने विचारलं, उर्दूत काय लिहिलंय, शायरी आहे का? मी म्हटलं, हजेरी आहे. तो हसला, त्याला वाटलं मी गंमत करतेय.

तिसरं चित्र मी मागितलं नाही. डागाची जागा अजून तशीच आहे. वही मात्र मी आता सोबत नेते, प्लास्टिकच्या पिशवीत, पावसाचे दिवस आहेत म्हणून दोन पिशव्यांत. अजून नोव्हेंबरचं पान वाचायचं राहिलंय. त्यात एकाच नावाच्या तिघी आहेत आणि अब्बांनी पाड्याचं नाव फक्त एकीपुढे लिहिलंय.